पोटाचं डोळ्याच्या डॉक्टरला सांगू नये

कलकत्त्यात ज्याला त्याला पोट असतं आणि तो त्याबद्दल बोलतो. ट्राममध्ये, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. बागबाजारातले आमचे घरमालक जिन्यात भेटले की आधी पोटाची खबर देत, मग नमस्कार करत. माझ्या नवऱ्याला याची भारी किळस. हे पुण्याचे, सरकारी हिशेबतपासनीस, बदली होऊन आलेले. चारचौघांत पोटाचं नाव काढणं म्हणजे धोतर सोडणं, असं ह्यांचं मत.

आणि नेमकं ह्यांचंच पोट बिघडलं. आव पडायची, पुढे रक्तही. "इथलं पाणी बाधलंय," म्हणून एका डॉक्टरांकडून आमांशाची औषधं आणली. मीही बेलाचा मुरंबा भरवत होते. गुण शून्य. मग गुडघा सुजला. त्याच्यासाठी दुसरे डॉक्टर. पोटाचं त्यांना सांगा म्हटलं, तर म्हणाले, "शेजारच्या खात्याची फाईल कोणी उघडतं का?"

बोला आता! शरीराचंसुद्धा ऑफिस करून ठेवलेलं.

मग उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, आकडे दिसेनात. हिशेब तपासणाऱ्याचा डोळाच गेला तर खायचं काय? मी देवापुढे बसून रडले, आणि उठले ती ह्यांच्यावर चिडूनच.

एस्प्लनेडजवळच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे मी हट्टाने बरोबर गेले. वयस्क बंगाली गृहस्थ. त्यांनी दिवा धरून डोळा तपासला आणि इंग्रजीत विचारलं, "सांधे दुखतात?"

"गुडघा दुसऱ्या डॉक्टरांकडे आहे," हे म्हणाले.

"आणि पोट?"

"उत्तम!"

एवढं इंग्रजी मला कळत होतं. माझं डोकंच फिरलं. "उत्तम काय, कपाळ!" म्हणत मी माझ्या बाजारातल्या मोडक्या बंगालीत सगळं सांगून टाकलं. आव, रक्त, पहाटेची धावपळ, हातवाऱ्यांसकट. हे भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसले, उजव्या डोळ्याला एक अक्षर दिसत नसताना.

डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. पोटाचा विषय निघाल्यावर बंगाली माणूस कसा खुलतो! सगळं खोदून खोदून विचारल्यावर ते गंभीर झाले. "हा साधा आमांश वाटत नाही. आतड्यांना अशी सूज असली की काहींचे सांधे आणि डोळेही सुजतात. दुखणं एकच, घरं तीन. असं का होतं ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही. पण उशीर केलात तर डोळ्याची बाहुली आतल्या भिंगाला चिकटेल, मग माझ्या हातात काही उरणार नाही." तिथूनच त्यांनी आपल्या ओळखीच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन लावला.

ट्राममध्ये हे पुटपुटले, "अब्रू घालवलीस."

"जाऊ दे. डोळा राहिला म्हणजे झालं."

पोटाचे उपचार बदलले, डोळ्यात थेंब सुरू झाले. मी घड्याळ लावून थेंब घालायची आणि हे माझ्याशी अबोला धरून ते घालून घ्यायचे. डोळा उघडला की समोर नुसतं धुकं. वरवर मी दटावत होते, आतून पार खचले होते.

एका सकाळी थेंब घालायला वाकले, तर हे माझ्याकडे टक लावून बघत राहिले. डावा डोळा हाताने झाकलेला.

"कानशिलापाशी पांढरा केस आलाय तुझ्या," हे म्हणाले. "एकच आहे."

मी मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. हे बिचारे कितीतरी वेळ समजावत होते, की एका केसाने कोणी म्हातारं होत नाही.