पोटाशी बरणी

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याच्या खानावळीने गुइफांगला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाच्याने आपली जुनी पाठपिशवी. घड्याळ तिने भिंतीवर लावलं. पिशवी पाठीऐवजी पोटावर अडकवली, तिच्यात मातीची बरणी ठेवली आणि झिगोंगहून निघाली. शेजारणींना तिने सांगितलं, “आता जरा देश बघते.” ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं बरणीत होतं. झिगोंग म्हणजे मिठाच्या विहिरींचं गाव, आणि तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात अशी बरणी असतेच. मुळा, मिरच्या, आलं, चवळीच्या शेंगा खारात टाकायच्या, मुरल्या की खायच्या, पुन्हा नव्या टाकायच्या. खार मात्र तोच. बरणीच्या गळ्याभोवती पन्हळ असते, तीत पाणी भरायचं आणि वर वाडगा उपडा घालायचा, म्हणजे आतली हवा बुडबुड करत बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. हा खार गुइफांगच्या आईचा. थोरली बहीण लग्न होऊन रेल्वेवाल्या नवऱ्यामागे पार हामीच्या वाळवंटात गेली, तेव्हा आईने दागिना नाही, पण यातला डबाभर खार बरोबर दिला होता. तो तिथे इतकी वर्षं जगला. या हिवाळ्यात ताई दवाखान्यात पडली, पन्हळीत पाणी घालायला घरात कोणी नव्हतं, आणि खार नासला.

“फेकला,” ताई फोनवर म्हणाली. मग म्हणाली, “आईच्या मुळ्याची चव कशी होती गं? मला आठवेनाशी झालीय.”

चव काही फोनवर सांगता येत नाही.

कुरियरवाल्याने बरणी बघूनच हात जोडले. अर्धा खार घरी ठेवावा, तर नवऱ्याच्या, दूच्या भरवशावर ठेवावा लागला असता, आणि दू हा स्वतःच्या चहाच्या पेल्यात पाणी घालायला विसरणारा माणूस. म्हणून सगळी बरणीच निघाली. आयुष्यभर चारशे माणसांचा भात शिजवताना तिला खिडकीबाहेर फक्त दुसरी खिडकी दिसली होती. तेव्हा तिने ठरवलं, जायचंच आहे तर थांबत थांबत, साध्या गाड्यांनी जायचं आणि पोरांच्या स्वस्त हॉस्टेलात राहायचं.

छंगदूच्या मेट्रोतच पहिली माशी शिंकली. तपासणीवरची मुलगी डोळे अर्धे मिटून एकाच सुरात बोलत होती, जणू नाकात कापूस घातलाय. पिशवी उघडा. झाकण काढा. पातळ आहे ना, मग एक घोट प्या. बाटलीतलं पाणी असलं तर पिऊन दाखवायचं, हा नियम गुइफांगलाही ठाऊक होता. खाराला तो लागू होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने पळीभर खार घेतला, डोळे मिटले आणि घोट घेतला. कानातून वाफ निघाली. मुलगी त्याच सुरात म्हणाली, “पुढे.”

मग हे प्रत्येक स्टेशनावर होऊ लागलं. कुणी दरडावून म्हणे, कुणी ‘मावशी’ लावून म्हणे, पण शेवटी सगळे तेच म्हणत. पळी लहान करत करत ती चमच्यावर आली. या हिशेबाने खार हामीला पोचायचा तो आपल्या पोटातूनच, अशी धास्ती तिने घेतली.

लानचौच्या हॉस्टेलात तिला वरची खाट मिळाली. थंडी होती, म्हणून तिने बरणीला दूचा काळा स्वेटर गुंडाळला, कान लावून बुडबुड ऐकली, कपाळावरून हात फिरवावा तसा काठावरून फिरवला आणि पुटपुटली, “झालं हं. आता थोडंच राहिलं. तिथे गेलं की निवांत.”

समोरच्या खाटेवर यातिंग आणि चेंगयू ही कॉलेजातली पोरं बसली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. यातिंग उठली आणि काही न बोलता आपली खालची खाट रिकामी केली. चेंगयूने गरम पाणी आणून दोन्ही हातांनी पुढे धरलं. खोलीत कुणी मोठ्याने हसेना. गुइफांगला वाटलं, लोक उगाच हल्लीच्या पोरांना नावं ठेवतात.

तिघं मिळून झांगयेचे रंगीत डोंगर बघायला गेली. वर पोचल्यावर यातिंग हळूच म्हणाली, “मावशी, त्यांनाही दाखवा ना.” गुइफांगला हे शहरी पोरांचं काहीतरी खूळ वाटलं. पण पोरगी इतकी गंभीर होती, की तिने बरणी डोंगरांकडे तोंड करून ठेवली. चेंगयूने टोपी काढली होती.

झांगयेच्या स्टेशनावर तपासनीस जाडजूड होता आणि त्याचा आवाज त्याहून जाड. बरणी हलवून तो म्हणाला, “आत पातळ आहे. एक घोट प्या.”

यातिंग तरातरा पुढे झाली. “साहेब, माणसाने काहीतरी लाज बाळगावी,” ती म्हणाली. “आत मावशींचे यजमान आहेत, त्यांच्या अस्थी.”

तपासनिसाचा हात जागच्या जागी थिजला. पण गुइफांगचं यांच्याकडे लक्षच नव्हतं. सवयीने तिने स्वेटर सोडला होता, वाडगा उचलला होता, आणि सगळे बघत असताना चमचाभर ओढून तिने जिभेने ओठही पुसले.

“जरा आंबट झालंय,” ती म्हणाली.

यातिंग मटकन खाली बसली. तेवढ्यात गुइफांगचा फोन वाजला आणि पडद्यावर दूचं टक्कल उगवलं. “अगं, तांदूळ कुठे ठेवलेस?”

चेंगयू कसाबसा म्हणाला, “यजमान बोलतायत.”

गाडीत हा किस्सा डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. यातिंगने तपासनिसाची नक्कल केली, गुइफांगने नाकात कापूस घातलेल्या मुलीची, चेंगयूने दूची. गुइफांग इतकी हसली, की बरगड्या दुखल्या. इतकं ती खानावळीत कधी हसली नव्हती, बहुधा घरीही नाही. बाहेर हिरवं संपून करडं सुरू झालं, करडं संपून नुसता दगड.

आणि मग तिला पन्हळ आठवली.

वाळवंटाच्या कोरड्या हवेने पाणी केव्हाच पिऊन टाकलं होतं. वाडगा उचलला, तर खारावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा. तिचं हसू जागीच मेलं. ताईकडे पाणी घालायला कुणी नव्हतं. इथे ती स्वतः होती, मांडीवर बरणी घेऊन.

यावर एकच इलाज असतो. तिने पापुद्रा काढला, पिशवीतली तिरफळं टाकली आणि पोरांना म्हणाली, कडक दारू हवी. चेंगयू डबे पालथे घालत गेला आणि पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांकडून पेलाभर ज्वारीची पांढरी दारू घेऊन आला. ती आत ओतून तिने पन्हळ काठोकाठ भरली. आता उघडायचं नाही. जगला की मेला, ते हामीलाच कळणार. उरलेल्या वाटेत तिने बरणीला कानही लावला नाही, धीरच झाला नाही. पोरं तुनहुआंगच्या वाटेवर उतरली, तेव्हा यातिंगने बरणीला हात लावला आणि म्हणाली, “येते हं, यजमान.”

ताईने दार उघडलं. ती निम्मी झाली होती, पण जीभ तीच. “केवढी काळी पडलीस,” ती म्हणाली. “आणि हे गाठोडं पोटावर कसलं? या वयात?”

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. गुइफांगने वाडगा उचलला. पापुद्रा नव्हता, वास आंबट आणि स्वच्छ होता. खार जगला होता. तिने मुळ्याची फोड ताईच्या हातावर ठेवली.

ताई बराच वेळ चावत राहिली.

“आईचं असं नव्हतं,” ती म्हणाली.

मिठाला गुइफांगचा स्वतःचा हात आईपेक्षा जड होता, विहिरीचं मीठही आता पूर्वीचं नव्हतं. वाटेत चमचा चमचा तपासनिसांनी प्यायला लावलं होतं, आणि वर कुणा परक्याची दारू. आईचं म्हणून आणलेल्या बरणीत आईचं किती उरलं असेल, कोण जाणे. एवढ्या लांब ती आपलीच चूक वाहून आणल्यासारखी बसून राहिली.

ताईने दुसरी फोड घेतली.

“आंबट आहे हे. आईचं आधी झोंबायचं, मग गोड लागायचं, आंबट अगदी शेवटी.” ती थांबली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. “आलं. आई मूठभर आलं घालायची. तू पहिल्यापासून आलं घालायला आळशी.”

गुइफांगने मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

“घरात आलं आहे?” तिने विचारलं.

“टोपलीत बघ,” ताई तिसऱ्या फोडीकडे हात नेत म्हणाली. “आणि जाड काप. पातळ केलेलं तिला चालायचं नाही.”