गप्पी माशांचं माहेर

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते वाटूरच्या आमच्या गल्लीतल्या खालांचे, म्हणजे मावशींचे. आणि परक्याच्या हौदात इतक्या हक्कानं डोकं घालणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. पदवीच्या शेवटच्या वर्षी मला डेंग्यू झाला. आई रडत बसली, तेव्हा शेजारच्या खालांनी रस्त्यावरचा टेम्पो अडवून मला दवाखान्यात नेलं. मी परीक्षेला बसलो, घरातला पहिला पदवीधर झालो. खाला मात्र डासांच्या कायमच्या वैरी झाल्या.

आमच्याकडे नळाचा भरवसा नाही, म्हणून घरोघर हौद. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य केंद्राची आशाताई वाटायची आणि लोक हौद धुताना ते गटारात ओतायचे. खालांनी तिचा डबा हातात घेतला आणि मासे वाटायचे सोडून ‘लेकी द्यायला’ सुरुवात केली. मासे घेणारं घर म्हणजे खालांचे व्याही! हौद धुवायचा असला की लेकी शेजारच्या हौदात माहेरपणाला जायच्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या बायका त्यासाठी बादली घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या राहू लागल्या. एकदा पाटीलकाकू कौतुकानं माशांना पोळी चुरून घालत होत्या. खाला दारातूनच कडाडल्या, “ओ विहीणबाई, पोट भरल्यावर अळ्या काय म्या खाऊ?”

“मंग तुमच्या लेकीला उपाशी ठिवू?”

“बिलकुल ठेवा! कामाला दिल्ती तिला, मिरवायला न्हाई.”

पुढं खालांचे गुडघे गेले आणि मुलानं त्यांना बदनापूरला नेलं. निरोप देताना गल्ली रडली. पण हौदात डोकावायचं काम कुणी मागून घेतलं नाही. घाईच्या एका दिवशी पाटीलकाकूंनी हौदाच्या पाण्यासोबत मासेही ओतून दिले. कुणी विचारलं नाही. मग घरोघर तेच झालं. यंदा काकूंची नात तापानं फणफणली.

खालांना फोनवर ऐकू येत नाही, पण सून वाचून दाखवते. म्हणून परवा मी पत्र पाठवलं:

“खाला, सलाम. काकूंची नात डेंग्यूतून उठली, घरी आली. काळजी नसावी. आशाताई आणि मी पुन्हा मासे घेऊन फिरलो. सगळ्यांनी घेतले, चहाही पाजला; पण आमचा धाक कुणाला नाही. तुमच्याशी लोक भांडायचे, आम्हाला नुसते ‘बराबर’ म्हणतात. शुक्रवारी गाडी घेऊन येतो. हिंडायचं नाही, नुसतं ओट्यावर बसायचं. पाटीलकाकूंनी निरोप दिलाय, ‘खालाला म्हणावं, येऊन मला चार शब्द बोला. गल्लीत कुणीच बोललं न्हाई.’”