पालुपीनं अर्धं सोडलेलं वाक्य

खोली बघायला आलेल्या पोरी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. वायफाय आहे का आणि भूत आहे का. वायफायचं मी खरं सांगते.

जोगजा शहरातल्या या गल्लीत मी, पोरींची बू वागियेम, म्हणजे वागियेमकाकू, कित्येक वर्षं कॉलेजच्या मुलींना खोल्या देते आहे. प्रबंधापायी झुरलेल्या पोरी मी ढिगानं पाहिल्या. लिहायला बसायचं म्हटलं की कुणाला कपाट आवरायचं सुचतं, कुणाला केस धुवायचं. वेनिंगची तऱ्हा वेगळीच. दक्षिणेकडच्या कोरड्या डोंगरातली ही पोरगी, आपल्या गावच्या पाण्यावर प्रबंध लिहीत होती. तोंडानं फडाफडा बोलायची, पण समोर कोरं पान आलं की हात आखडायचा.

त्यावर तोड काढली तिच्याच खोलीत राहणाऱ्या पालुपीनं. तिसऱ्या प्रहरची अजान झाली की दोन ग्लास कोरा गोड चहा करायचा, वेनिंगनं बोलायचं आणि पालुपीनं टाइप करायचं. वेनिंग जरा पुस्तकी बोलली की पालुपी अडवायची, "म्हणजे काय? माझ्या आईला कळेल असं सांग ना." वेनिंग चिडायची, आणि चिडली की नेमकं बोलायची. उठताना मात्र पालुपी मुद्दाम वाक्य अर्धं सोडायची. "पूर्ण केलं तर उद्या परत कोऱ्या पानापुढे रडत बसशील," ती म्हणायची. "अर्धं असलं की तेच तुला बोलावतं."

असंच एक वाक्य अर्धं ठेवून ती सोयाबीनच्या वड्यांचं तळलेलं टेम्पे आणायला मोटरसायकलवर गेली आणि चौकात ट्रकखाली आली. वेनिंगच्या लॅपटॉपवर राहिलं ते एवढंच, 'विहिरी आटल्या की आमच्या गावच्या बायका पाण्यासाठी गुहेत उतरतात, पण त्याआधी'

महिनाभर वेनिंगनं लॅपटॉप उघडला नाही. मग एक दिवस दोन ग्लास घेऊन खोलीत गेली, पालुपीची खुर्ची समोर ओढली आणि बोलायला लागली. स्वतःच सांगायची, स्वतःच पालुपीच्या आवाजात विचारायची, "म्हणजे काय?" आणि मग टाइप करायची. शेजारच्या दोघी घाबरून खोली सोडून गेल्या. मी वैतागले, "तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, भाडं तरी दे." पण चहाचा दुसरा, गार झालेला ग्लास मीच रोज मुकाट्यानं कुंडीत ओतायची. कारण एकदा मी खिडकीपाशी कपडे वाळत घालत होते आणि आतून "म्हणजे काय?" ऐकू आलं. वाकून पाहिलं, तर वेनिंगच्या तोंडात अख्खं केळं होतं. त्यानंतर मी कपडे मागच्या अंगणात वाळत घालते.

त्या अर्ध्या वाक्याच्या मागचा-पुढचा सगळा प्रबंध लिहून झाला. ते वाक्य तेवढं तसंच राहिलं. शुक्रवारपर्यंत प्रबंधावर तिच्या मास्तरांची सही झाली नाही, तर कॉलेजातून तिचं नाव कायमचं कमी होणार होतं.

"मास्तर म्हणतात, पूर्ण कर नाहीतर खोडून टाक," ती म्हणाली.

"मग खोड की."

"बू, तिच्या हातचं शेवटचं आहे ते."

"मग पूर्ण कर."

"मी पुढे काय सांगणार होते तेच आठवत नाही. तिला माहीत होतं." मग हळूच म्हणाली, "आणि पूर्ण केलं, तर ती कशाला येईल?"

मला भडभडून आलं आणि रागही आला. एक गेली ती गेली, ही दुसरीही माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले. ऐन उन्हाळ्यात ती गारठलेली होती. तरी उठले नाही.

"म्हणजे काय गं? त्याआधी काय करतात? मला कळेल असं सांग."

"बू, उठा तिथून!"

"नाही उठत. सांग."

"करणार काय!" ती ओरडलीच. "आधी एकीला वर बसवतात! आत मिट्ट काळोख. खालचीचा पाय घसरला तर कळायचं कसं? म्हणून वरची सारखी हाक मारते, खालची ओ देते. घागर भरून ती बाहेर आली की मगच वरचीनं उठायचं, तोवर—"

ती एकदम थांबली. खुर्चीकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

"बू, मला वाटत होतं पालुपी खाली आहे. आणि मी वर बसून हाका मारते आहे."

मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले.

"खाली मी होते," ती म्हणाली.

ती पोटभर रडली. मग डोळे पुसून टाइप करायला लागली आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला. दाराकडे तोंड करून, कुणी लांबून हाक मारल्यावर द्यावी तशी, मोठ्यानं ओ दिली, "ओ! आले गं वर!"

मग दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "घ्या बू, गार होईल."

चहा मी प्यायले. शुक्रवारी सही झाली आणि पुढच्या महिन्यात वेनिंग गावी गेली. त्या खोलीतून पुन्हा काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या प्रहरची अजान झाली की मी मात्र अजून खिडकीपाशी जाऊन उभी राहते.