अर्धं घर म्हातारं

आपलं चुकू शकतं ही शंका सबंध आयुष्यात ज्यांच्या मनाला शिवली नाही, असे माझ्या पाहण्यात एकच गृहस्थ आहेत: सिंगापुरात पासिर रिसला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका. तरुणपणी जहाजांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून ते इथे आले, इथलेच नागरिक झाले, आणि निवृत्तीनंतरही हे बेट आपणच काढलेल्या नकाशाबरहुकूम चाललंय अशा थाटात वावरत राहिले. कुठल्या डब्यात चढलं की उतरताना जिना बरोबर समोर येतो, हे ते एमआरटी मेट्रोतल्या अनोळखी माणसांना न विचारता सांगत. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, कॉफीवाल्या चिनी बाईंशी ते स्वच्छ मराठीत बोलत. "हिला सगळं कळतं रे, दाखवत नाही एवढंच," असं मला वर समजावत. आणि खरोखरच बाई त्यांना हवी तशी बिनसाखरेची कॉफी देत. मी एकदा इंग्रजीत मागितली, तर मला चहा मिळाला.

लग्नही त्यांनी स्वतःच्या सवडीने, चाळिशी उलटल्यावर केलं. काकू त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. त्या घरी ब्लाउज शिवायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. पण काकांचं व्याख्यान चालू असताना शिलाई मशीन ज्या वेगाने धावायचं, त्यावरून त्यांचं मत काय ते कळायचं.

दोन हजार सातच्या सुमारास सगळीकडेच घरभाडी चढली. काकांच्या घरमालकाने नवा करार पुढे केला. साठवलेल्या पैशांवर जगणाऱ्या माणसाला तो झेपणारा नव्हता. काकूंनी गुपचूप रिकामे खोके जमवायला सुरुवात केली. काकांनी ते परत नेऊन टाकले. "कुठेही जायचं नाही!" जुरोंग ईस्टला ज्येष्ठांना भाड्यासाठी मदत देणारी एक संस्था होती. काका अर्ज घेऊन बेटाच्या त्या टोकाला गेले आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने माझ्या दारात उभे राहिले.

"मिळाली मदत?" मी विचारलं.

"छे, नाकारली! हा बघ, छापील कागदच दिलाय. नवरा-बायको दोघंही वयात बसायला हवेत म्हणे. काउंटरवरची मुलगी काय म्हणाली माहितीये? 'अंकल, युवर वाइफ टू यंग लाह!'"

पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही बातमी दिली. आपली बायको तरुण आहे असं छापील कागदावर लिहून मिळालेला नवरा अख्ख्या इमारतीत दुसरा नव्हता. दुसऱ्यांदा अर्ज केला, तोही परत आला. त्या दिवशी मी त्यांच्या घरीच होतो. मशीन थांबलं.

"अहो, पुरे झालं ते कौतुक," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात राहायचं कुठे, ते सांगा."

काका उठले आणि कपाटात आपली जुनी पट्टी शोधू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुंडाळी केलेला कागद घेऊन वर आले. त्यावर त्यांच्या फ्लॅटचा नकाशा होता, पट्टी लावून काढलेला. मधोमध रेघ, आणि अर्ध्या भागात तिरप्या रेषा भरलेल्या.

"चल, सुट्टी घे आज," ते म्हणाले.

संस्थेच्या ऑफिसात त्यांनी नकाशा काउंटरवर पसरला. "मी म्हातारा आहे ना? मग मी राहतो ते अर्धं घरही म्हातारं. तेवढ्याच भाड्याला मदत द्या. तरुण अर्ध्याचं आम्ही बघतो."

मुलगी आधी खळखळून हसली. मग तिने तो कागद पुन्हा नीट पाहिला आणि आत साहेबांकडे घेऊन गेली. बऱ्याच दिवसांनी पत्र आलं. अपवाद म्हणून, काकू वयात बसेपर्यंत, निम्म्या भाड्याला मदत मंजूर. उरलेल्या निम्म्यासाठी काकूंनी शिंप्याच्या दुकानात नोकरी धरली. "हे घर माझ्या रेषेवर उभं आहे," काका म्हणाले. काकूंनी त्यांना तसं म्हणू दिलं.

वर्षभराने मला कंपनीने पुण्याला परत बोलावलं. निघायच्या आदल्या दुपारी काकांनी मला खाली बोलावलं. मला वाटलं, विमानात कुठे बसावं हे सांगणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "हिला जरा अर्ज भरायला शिकव. इंग्रजीला उगाच घाबरते. माझं ऐकून शिकणार नाही."

"एवढी काय घाई आहे, काका?"

"अरे, बारा वर्षांचं अंतर. इतके दिवस सगळ्यांना मी ते मिरवत सांगत आलो. परवा हिशोब सुचला. मी गेल्यावर तेवढी वर्षं हिला एकटीला काढायचीत."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि मदतीचा कोरा अर्ज पुढे ओढला. पहिल्याच ओळीशी त्यांचं पेन अडलं.

"इथे नाव कुणाचं घालू? माझं एकटीचंच?"

काका खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"सध्या दोघांचं लिही," ते म्हणाले.