कंदिलावर नजर

ओढ्याकाठी सुनंदाताई बोलायच्या तुमच्याशी, पण बघायच्या कंदिलाकडे. जर्मनीतल्या आयफेल डोंगराळ भागात, जुन्या ज्वालामुखींच्या पायथ्याशी ओढ्यांचं पाणी आणि तळातला गाळ तपासण्यात त्यांची हयात गेली. मी पुण्याहून पीएचडीला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डोंगर झोपलाय, पण श्वास घेतोय. तो कार्बन डायऑक्साइड खोलगट जागी साचतो. दिसत नाही, वास येत नाही." म्हणून ओढ्यात उतरणाऱ्याच्या पायाशी पेटता कंदील आणि कमरेला दोर, ही त्यांची सक्ती. सांगलीकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात, तीच रीत. गॅस मोजायचं यंत्र असायचंच. "पण माणूस ते विसरतो, गेनाऊ, अगदी नेमकं हव्या त्या दिवशी," असं त्यांचं म्हणणं.

आमचा सहकारी योनास दोराला वैतागायचा. मी काय बकरी आहे का, म्हणायचा. ताई शांतपणे गाठ मारायच्या. "बकरी गाठ सोडत नाही. तू सोडशील, म्हणून दोन मारते."

त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. योनास खाली उकिडवा बसून गाळ चाळत होता. यंत्र काठावर त्याच्या सॅकमध्येच राहिलेलं. ताई मला काही समजावता समजावता मध्येच थांबल्या. कंदिलाची ज्योत बारीक झाली आणि विझली. उभा राहा, म्हणून त्या जर्मनमध्ये ओरडल्या. योनासनं वर पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि कलंडला.

मी धावले. ताईंनी माझा दंड करकचून धरला. "खाली जायचं नाही. दोर ओढ." माणूस डोळ्यांदेखत चाललाय आणि ही बाई मला अडवते, असा संताप आला. पण ओढला. दगडांवरून फरफटत तो वर आला, निळा पडलेला. आम्ही त्याला कुशीवर वळवलं, हाका मारत राहिलो. किती वेळ कोण जाणे. मग तो खोकला आणि पुटपुटला, "आल्झो... म्हणजे... चाळणी खालीच राहिली." ताई त्याच्या कमरेच्या दोन्ही गाठी सोडू लागल्या.

त्याला हॉस्पिटलमध्ये सोडून परतताना मी विचारलं, "मला का अडवलंत?"

"आमच्या मळ्यातल्या विहिरीत दादा उतरला. तो पडला म्हणून बाबा धावले. कंदील होता, दोर होता, पण बांधायला कोणी थांबलं नाही." गाडीनं वळण घेतलं. मग म्हणाल्या, "मीही धावले होते गं. आईनं दंड धरला."

ताई आता निवृत्त होऊन सांगलीला असतात. माझ्या दंडावरचा वळ बरेच दिवस होता. तो गेला, तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.