टोपलीपासून लांब

"लांब कोण उभं होतं?"

कुठलीही गोष्ट सांगा, नाना आधी हेच विचारायचे. रावेरच्या रस्त्यावर केळीचा ट्रक उलटला म्हणा, की कुणाच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं म्हणा. मान तिरकी, हात कानामागे आणि हा प्रश्न. जळगावच्या एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. टपरीवर त्यांनी चहा मागितला की गाडी लागली समजून लोक पिशव्या उचलायचे.

माझा धंदा मंडपाचा. चर्चच्या वार्षिक संमेलनाचा मंडप माझा आणि नाटक नानांचं, म्हणून आमची गाठ पडली. नाटक दरवर्षी एकच. दुष्ट राजाचा हुकूम असतो की इब्री लोकांचे मुलगे नदीत फेका. एक आई आपल्या बाळाला लव्हाळ्याच्या टोपलीत ठेवते, टोपलीला डांबर लावते आणि नदीच्या काठाला सोडते. राजकन्येला ते बाळ सापडतं. तोच मोशे, पुढे आपल्या लोकांना गुलामीतून सोडवणारा.

आमची टोपली म्हणजे केळीच्या बागेतली पाटी. नदी म्हणजे माझं निळं कापड, लग्नात नवरदेवाच्या खुर्चीमागे लागतं ते. दोन माणसं दोन टोकांनी ते हलवायची. दिवे मंद झाले की तुम्हालाही पाण्याचा वास आला असता. मला तर यायचाच, आणि कापडाचं भाडं मीच घेत होतो.

रंगमंचाच्या अगदी टोकाला एक मुलगी उभी असायची. ती बाळाची बहीण. टोपलीचं काय होतं ते पाहायला ती लांब उभी राहिली, असं शास्त्रात आहे. पुढे ती राजकन्येशी बोलतेही, पण नानांचं नाटक त्याआधीच संपायचं.

"नाना, पोरीले एक वाक्य तरी द्या. नवा फ्रॉक शिवला," दरवर्षी कोणाची तरी आई यायची.

"ताई, बाकीचे बोलतील, ही पाहील. दिवा हिच्यावर राहील."

तो वेगळा दिवा मला लावावा लागायचा. पडदा पडला की सगळे वड्यांकडे धावायचे. ती मुलगी मात्र हलायची नाही, नानांची तशी ताकीद असायची. नाना सावकाश तिच्याजवळ जायचे आणि म्हणायचे, "पोचलं बाळ. चल आता." मग ती सुटायची.

एके वर्षी चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. तरुण, शिकलेले, स्वभावानं गोड. तालमीनंतर आम्ही तिघं चहा पीत होतो आणि मला काडी लावायची लहर आली.

"साहेब, आमच्याकडचाही एक पेटीतून वाहत आला, सारथ्याच्या घरी वाढला. कोणी कोणाची नक्कल केली म्हणायची?"

"नक्कल नाही," पाळक हसले. "दूरच्या एका जुन्या राजाचीही अशीच गोष्ट आहे. तीच लव्हाळ्याची टोपली, तेच डांबर. मोठ्या माणसाची सुरुवात अशी सांगायची तेव्हा रीत असावी. मोशे खरंच होऊन गेला का, याचाही पक्का पुरावा इतिहासाला मिळालेला नाही. पण गोष्टीचा अर्थ त्यामुळे बुडत नाही."

आता भांडण रंगणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. नानांनी मान तिरकी केली.

"त्या राजाच्या टोपलीपासून लांब कोण उभं होतं?"

पाळकांनी आठवून पाहिलं. "कोणी नाही."

"मंडपवाले, तुमच्या पेटीपासून?"

"आई होती. पण पेटी सोडली आणि रडत घरी गेली."

"मग बठ्ठा इतिहास तुमना," नाना म्हणाले. "ती पोर मनी शे."

सगळा इतिहास आमचा, पोर तेवढी त्यांची. मी टाळी दिली. नानांनी घेतली नाही. त्यांचा चहा तसाच राहिला.

घरी जाताना त्यांनी कारण सांगितलं. ते मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथं मुलं सांभाळणाऱ्या अक्कांनी त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं, की तू तापीतून पाटीत वाहत आलास, मी तुला काढलं. त्या एका गोष्टीवर नाना म्हातारे झाले होते.

"तीही सांगायची रीतच असली तर?" त्यांनी विचारलं.

अक्का आता कुठे असतात, ते मी विचारलं.

अक्का अजून होत्या, धुळ्याला, भाचीकडे. मंडपाचं सामान घेऊन मी तिकडे निघालो तेव्हा नाना टेम्पोत शेजारी बसले. पारोळ्यापुढे ऊन असं पसरलं होतं की रस्त्यावर सारखं पाणी दिसायचं आणि आम्ही जवळ गेलो की पुढे सरकायचं. नाना त्या पाण्याकडे बघत होते.

अक्का खाटेवर पडून होत्या, कापसासारख्या हलक्या. नानांनी पायांना हात लावला आणि सरळ विचारलं, "अक्का, मी खरंच पाटीत आलो का?"

"कुठली पाटी रे," अक्का म्हणाल्या. "मिशनच्या दवाखान्याच्या ओसरीत होतास, बाकावर, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. मोशेची गोष्ट ऐकून तू विचारलंस, मी पण असाच आलो का. तोंड असं केलं होतंस की मी हो म्हटलं."

मग नानांनी विचारलं. हात कानामागे गेला नाही, तो मांडीवरच राहिला.

"लांब कोण उभं होतं?"

अक्कांनी डोळे मिटले. भिंतीवर खिडकीचा उजेड हलत होता, माझ्या निळ्या कापडासारखा.

"फाटकापाशी," अक्का म्हणाल्या, "लिंबाखाली. बाईच होती. मी हाक मारली, पण आली नाही. तू दूध घेईपर्यंत उभी होती."

अक्कांना हे आठवलं की त्यांनी तेव्हाच रचलं, मला विचारू नका. मी त्यांच्याकडे पाहतच नव्हतो. मी नानांकडे पाहत होतो. परतताना एरंडोलला त्यांनी चहा मागितला आणि बाकावरच्या दोन प्रवाशांनी पिशव्या उचलल्या.

नाना गेल्या पावसाळ्यात गेले. यंदाचं नाटक पाळकांनी बसवलं, काही न बदलता. टोपली अडकली, सुटली, राजकन्येला मिळाली. पडदा पडला, खुर्च्या सरकल्या, वड्यांचा वास सुटला.

ती मुलगी टोकाला उभीच होती. नानांसारखं जवळ जाऊन तिला सोडवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बटणावर हात ठेवून उभा होतो. मी तिच्यावरचा दिवा चालूच ठेवला.