टी-वनचं कार्ड

झिरकपूरचा फ्लॅट आवरताना ते हिरवं सर्किट कार्ड हाती आलं आणि भुवईवरची जुनी खोक ठसठसली.

चंदीगडच्या आमच्या नव्या कॉल सेंटरसाठी मालकाने ते गोऱ्या क्लायंटच्या सांगण्यावरून अमेरिकेहून मागवलं होतं. मी म्हणालो, "सरजी, हे तिकडच्या टी-वन फोन लाइनचं, एका वेळी चोवीस कॉलचं. आपल्याकडे ई-वन येते, तीस कॉलची. हे चालणार नाही."

"गोरे को सिखाएगा?" म्हणत त्याने कार्ड माझ्या तोंडावर फेकून मारलं. रक्त डोळ्यात ओघळलं, तसं मी त्याला कॉलर धरून रॅकवर आपटलं.

तेवढ्यात अमेरिकेहून त्या क्लायंटचा फोन आला. फुटक्या ओठाने तो गोड आवाजात म्हणाला, "यस सर, टी-वन इज रेडी, सर!"

तेव्हा किळस आली. आता वाटतं, मालकाला मारायचं होतं त्या गोऱ्यालाच. हाताशी मी सापडलो.